‘आमच्या टॅक्सवर बीएमडब्ल्यू!’ असं कुणी म्हटलं तर

ताई,
मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. वय ४६. नऊ वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचं निघालं. घरात काठी, बाहेर लांब जायचं असेल तर व्हीलचेअर, असं सध्या चाललंय. ‘पिप’ या सरकारी अपंगत्व भत्त्यात हिंडण्याफिरण्यासाठीचा मोबिलिटी भाग असतो, त्याचा वरचा दर मला मिळतो. तो सगळा मोटॅबिलिटीकडे, म्हणजे या भत्त्याच्या बदल्यात अपंगांना गाडी भाड्यानं देणाऱ्या योजनेकडे, वळवून आम्ही गाडी घेतली आहे. गेल्या वेळी साठवलेले पैसे वर भरून बीएमडब्ल्यू घेतली, कारण तिच्या सीटवर मला कुणाचा हात न धरता बसता-उठता येत होतं.

जानेवारीत इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेले होते. हॉलमध्ये काठी न घेता चालत जाऊन वाण घेतलं. निघताना पार्किंगमध्ये ओळखीतली एक जण हसत हसत म्हणाली, “बरं आहे बाई तुमचं, आमच्या टॅक्सवर बीएमडब्ल्यू!” बाकीच्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर रात्रभर डोळा लागला नाही. नोव्हेंबरपासून बातम्यांतही हेच चाललंय.

सप्टेंबरमध्ये करार संपतो. यजमान म्हणतात, यावेळी लहानातली लहान गाडी घेऊ, म्हणजे कुणी बोलायला नको. १९ वर्षांचा मुलगा म्हणतो, मोठीच घेऊ, मला युनिव्हर्सिटीत न्यायला होईल. मी खरंच कुणाचं काही लुबाडतेय का? आणि गाडी कुठली घेऊ?
– अनघा (नाव बदललं आहे)

प्रिय अनघा,

मी तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे, तेव्हा अगंतुगंच करते. तुझं पत्र वाचून मला आधी राग आला तो तू हसलीस याचा. मग आठवलं, मीही अशीच हसले होते. यांना २०११ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते जाईपर्यंत आमच्या दारात मोटॅबिलिटीच्या गाड्या होत्या, एकामागून एक तीन. लोकांचे टोमणे मला पाठ आहेत. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबेल. एका बैठकीत वाचवलं नाही तर दोनदा वाच.

लुबाडतेस का? नाही. हिशेब मांडूनच सांगते, कारण असल्या गोष्टीत नुसत्या दिलाशानं पोट भरत नाही.

पिपच्या मोबिलिटी भागाचा वरचा दर २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तू गाडी घेतली नसतीस, तर दर चार आठवड्यांनी तीनशे आठ पौंड तुझ्या खात्यात आले असते आणि ते टॅक्सीला घालव, बसला घालव की घरात ठेव, कुणी विचारलं नसतं. या दरानं तीन वर्षांचे सुमारे १२,००० पौंड होतात. ते तू हातात न घेता गाडीच्या भाड्यापोटी दिलेस. शिवाय अ‍ॅडव्हान्स पेमेंट म्हणून स्वतःच्या बचतीतले वेगळे भरलेस, तेही परत यायचे नाहीत. त्या बदल्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं आलं. सप्टेंबरमध्ये किल्ली परत करशील तेव्हा त्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा तुझ्या मालकीचा नसेल. याला भाड्याची गाडी म्हणतात आणि भाडं तूच भरतेस. आणि पिप हा पगार बघून देत नाहीत, शरीर बघून देतात. त्यामुळे तुझ्या यजमानांना किती पगार आहे, घर किती खोल्यांचं आहे, याचा इथे संबंध येत नाही.

पण एवढ्यावर थांबले तर मी तुला अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. या योजनेला सरकारची सवलत आहेच. या भाड्यावर आजवर व्हॅट लागला नाही, विम्यावरचा कर लागला नाही आणि रोड टॅक्सही माफ. हे पैसे तिजोरीत आले असते, ते आले नाहीत. म्हणजे त्या बाईंच्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे. योजना काही छोटीही नाही. आठ लाखांहून जास्त लोक तिच्यात आहेत. या देशात विकल्या जाणाऱ्या दर पाच नव्या गाड्यांतली साधारण एक मोटॅबिलिटीकडे जाते. एवढा मोठा कारभार असला की लोक विचारणार आणि त्यांनी विचारावंच. २०१८ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं गाड्यांचा व्यवहार पाहणाऱ्या कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या पगार-बोनसवर आणि साठवून ठेवलेल्या प्रचंड निधीवर बोट ठेवलं, ते मला योग्यच वाटलं होतं. तो प्रश्न जिथे विचारायचा तिथे विचारला गेला. पार्किंगमध्ये काठी टेकत उभ्या असलेल्या बाईला विचारला गेला नाही.

आता नोव्हेंबरचं. २०२५ च्या नोव्हेंबरात, बजेटच्या तोंडावर, मोटॅबिलिटीनं बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस आणि अल्फा रोमिओ या पाच कंपन्यांच्या गाड्या यादीतून काढल्या. ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांना करार संपेपर्यंत ठेवता येतात, तेव्हा तुझी आज कुणी नेणार नाही. एवढा गदारोळ झाला खरा, पण या भारी गाड्या योजनेत मुळात शंभरात पाचाच्या आसपास होत्या. २६ नोव्हेंबरला अर्थमंत्री रेचल रीव्ह्स यांनी बजेटमध्ये सांगितलं की १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या करारांत वरून भरलेल्या रकमेवर २० टक्के व्हॅट लागेल आणि विम्यावर करही. व्हीलचेअरवर बसूनच आत जाता येईल अशा, त्यासाठी खास घडवलेल्या किंवा कायमच्या बदललेल्या गाड्या तेवढ्या सुटल्या.

माझं मत विचारशील तर त्या पाच नावांसाठी मी डोळ्यांत पाणी आणणार नाही. बोनेटवरच्या चिन्हानं कुणाचा गुडघा वाकत नाही. करसवलत देऊन चालवलेल्या योजनेनं ‘चिन्हापुरते जादा पैसे इथे नकोत’ असं म्हटलं, तर त्यात मला अपमान दिसत नाही. मला टोचतो तो व्हॅट. वरची रक्कम कोण भरतं? काही जण हौसेनं भरत असतील. पण दवाखान्याच्या आणि आधारगटांच्या वाऱ्यांमध्ये मला जे भेटले, ते सीट उंच हवी, दार रुंद हवं, डिकीत चाकाची खुर्ची उभीच्या उभी मावायला हवी म्हणून भरणारे होते. अशा बाईनं गाडीसाठी २,००० पौंड वर भरले तर आता तिला २,४०० मोजावे लागतील. तिची गाडी ‘व्हीलचेअरसाठी खास’ या व्याख्येत बसत नाही, कारण ती खुर्ची घडी करून मागे टाकते. तू नेमकी त्या मधल्या फटीत आहेस. सप्टेंबरचा करार म्हणजे हा कर तुला लागणार, तेवढी तजवीज आत्तापासून कर.

आणि चैन कशाला म्हणायचं, हेही एकदा बोलायला हवं. यांची तिसरी गाडी आली तेव्हा शेजारच्या मुलानं आत डोकावून विचारलं होतं, “आंटी, सीट गरम होते? मागचं दार बटणानं उघडतं?” त्याच्या लेखी ती श्रीमंती. आमच्या घरी गरम सीट म्हणजे यांच्या उजव्या मांडीचा ताठरपणा दहा मिनिटांत सैल होणं. बटणाचं दार म्हणजे पावसात माझा एक हात यांना धरायला मोकळा राहणं. ज्यांची मान वळत नाही त्यांना मागचा कॅमेरा हा डोळा असतो. तुझ्या आजारात उकाड्यानं अंगातलं त्राण जातं, पाय ऐकेनासे होतात, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा गाडीत शिरण्याआधीच ती थंड झालेली असणं ही तुझी गरज आहे. कुठल्या गाडीला काय जोडलंय याची यादी हातात घेऊन बाहेरच्या माणसाला गरज आणि हौस यांतली रेघ ओढता येत नाही. ती रेघ अंगावरून ओढावी लागते आणि ते अंग तुझं आहे.

मी मिरजेची. आमच्या गल्लीत एक काका हातानं पायडल मारायची तीनचाकी चालवायचे, कुठल्याशा शिबिरात मिळालेली. सगळ्यांना एकाच मापाची, एकाच रंगाची. काका उंच होते, त्यांचे कोपर हँडलला घासून सोललेले असायचे. वरून लोक म्हणायचे, “मिळाली ना फुकट, मग कसली तक्रार?” इंग्लंडमध्ये आल्यावर कळलं की इथेही तेच होतं. मोटॅबिलिटीच्या आधी सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाची, फायबरची, तीन चाकांची एक डबी द्यायचं. एकच सीट. शेजारी बायको बसू शकत नाही, लेकरू बसू शकत नाही. वाऱ्यात उलटायची भीती. निळी डबी दिसली की आत अपंग आहे हे लांबून कळायचं. १९७६ मध्ये मोबिलिटी भत्ता सुरू झाला. तो भत्ता वळवून चारचौघांसारखी गाडी भाड्यानं घेता यावी म्हणून १९७७ मध्ये लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांनी मोटॅबिलिटी उभी केली. पुढच्या वर्षी पहिल्या गाड्या लोकांच्या हातात गेल्या. निळ्या डब्या रस्त्यावरून कायमच्या हटल्या त्या थेट २००३ मध्ये.

हे एवढं सांगितलं ते तुझ्या यजमानांसाठी. ‘कुणी बोलू नये म्हणून लहान गाडी’ हा विचार मला त्या निळ्या डबीच्या वाटेनं जाताना दिसतो. अपंगाची गाडी बघताक्षणी बापुडवाणी दिसली पाहिजे, हे आपणच कबूल करून टाकायचं. तसं केलं तरी लोक बोलायचे थांबत नाहीत, हे मी भोगलंय.

आमची पहिली गाडी मी याच हिशेबानं निवडली होती. छोटी, साधी, राखाडी, कुणाच्या नजरेत न भरणारी. शोरूममध्ये यांना बसवून पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते, अंग ताजं होतं, बसले. मी खूश. मग एका नोव्हेंबरात तपासणीला गेलो. दोन तास खुर्चीत वाट बघून यांचं अंग आखडलं होतं. आत कसंबसं कोंबलं. घरी आलो, पाऊस लागलेला, आणि हे उठेनात. सीट इतकी खाली की गुडघे छातीशी. डावा पाय बाहेर, उजवा आत डॅशबोर्डखाली अडकलेला. मी पँटचा पट्टा धरून ओढतेय, पाऊस मानेवरून आत जातोय आणि हे म्हणाले, “राहू दे. मी इथेच बसतो.” वीस मिनिटं बसले. समोरच्या घरातून एक पोऱ्या आला, त्यानं काखेत हात घालून उचललं. त्यानंतर करार संपेपर्यंत हे नाइलाजाशिवाय घराबाहेर पडले नाहीत. गाडी दारात, आणि माणूस घरात. माझ्या ‘लोक काय म्हणतील’नं त्यांची दोन वर्षं खाल्ली. म्हणून तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचताना मला धस्स झालं.

आता हॉलमधल्या चालण्याविषयी. मला वाटतं, तुझ्या मनात खरा काटा तोच आहे. काठी न घेता चालत जाऊन वाण घेतलंस आणि लगेच टोमणा आला, म्हणजे त्यांनी मनात जोडलं: चालते की छान! पिपमध्ये चालण्याची कसोटी अशी आहे की माणूस उभा राहून वीस मीटरच्या पुढे जाऊ शकत नसेल, तर वरचा दर. वीस मीटर म्हणजे त्या हॉलची जेमतेम लांबी. शिवाय एकदा जमलं म्हणजे जमलं, असं तिथे धरत नाहीत. सुरक्षितपणे जमतं का, पुन्हा पुन्हा जमतं का, वाजवी वेळात जमतं का, आणि निम्म्याहून जास्त दिवस काय अवस्था असते, हे बघायचं असतं. त्या दिवशी तू सण म्हणून, साडी नेसलीस म्हणून, काठी हातात धरून वाण घ्यायला ओशाळलीस म्हणून चाललीस. दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत अंथरुणात होतीस, ते कुणी पाहिलं? तुझ्या आजाराची हीच तऱ्हा आहे, चांगला दिवस चारचौघांत दिसतो आणि त्याची किंमत घरात मोजावी लागते. तुझा तपास झाला, कागद झाले, दर ठरला. हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये पुन्हा परीक्षा द्यायला तू बांधील नाहीस. पुढच्या वेळी काठी घेऊन जा. ओशाळू नकोस.

अन्याय कुठेच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आहे, आणि त्यावर कुणी मथळे छापत नाही. आमच्या समोर एक गुजराती बा राहायच्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचे पाय गेले. त्यांना काय मिळालं? अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे म्हातारपणीच्या देखभालीचा भत्ता, ज्यात मोबिलिटीचा भागच नाही. निवृत्तीचं वय उलटल्यावर नव्यानं अपंगत्व आलं तर गाडीची वाट बंद. हेच त्यांना चार वर्षं आधी झालं असतं आणि पिप मिळालं असतं, तर पुढे म्हातारपणीही चालू राहिलं असतं. तोच जिना, तेच पाय, पण जन्मतारखेवर दार उघडं नाही तर बंद. बा खिडकीत बसून आमच्या गाडीकडे बघायच्या आणि हात हलवायच्या. मी त्यांना शुक्रवारी देवळात न्यायचे, हे बरोबर असले तरच, कारण गाडी यांच्यासाठी होती. न्यायाबद्दल ज्यांना पोटतिडीक आहे त्यांनी बांबद्दल बोलावं. डोकेदुखी, चिंता, अतिचंचलता अशा ‘न दिसणाऱ्या’ आजारांवर गाड्या वाटल्या जातात, अशी ओरड मी वाचते तेव्हाही हेच वाटतं. गाडी आजाराच्या नावावर मिळत नाही. त्या आजारामुळे माणूस किती हलू शकतो, ओळखीच्या रस्त्यानंही सोबतीशिवाय जाऊ शकतो का, यावर गुण पडतात आणि वरच्या दराला बारा गुण लागतात. बारा गुण मिळवताना लोकांची काय दमछाक होते, नाकारलेल्यांतले किती जण अपिलात जिंकतात, हे एकदा त्या टीका करणाऱ्यांनी शेजारी बसून पाहावं.

त्या बाईंना काय सांगायचं? भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. गप्प राहिलीस तर ते वाक्य गणपतीत पुन्हा ऐकू येईल. पुढच्या वेळी भेटल्या की बाजूला घे आणि साध्या आवाजात म्हण: “त्या दिवशी तुम्ही गाडीचं बोललात ते मला लागलं. मला अपंगत्वाचे जे पैसे मिळतात, ते सगळे त्या गाडीच्या भाड्यात जातात आणि वरचे आम्ही भरलेत. करात सवलत आहे, ते खरं आहे. पण ती गाडी नसती तर मी त्या दिवशी हॉलपर्यंत पोचलेच नसते.” एवढंच. आजाराचं वर्णन करू नकोस, पाय दाखवू नकोस, रडू आलं तर येऊ दे. बाई समजदार असेल तर हात धरेल. नसेल तर निदान पुढच्या वेळी बोलताना अडखळेल.

आता गाडी. कंपनीची नावं मी सांगत बसत नाही, कारण यादी आणि दर दर तिमाहीला बदलतात आणि माझी माहिती तुझ्या सप्टेंबरपर्यंत शिळी होईल. इथे बनलेल्या गाड्या वाढवायचं मोटॅबिलिटीनं ठरवलंय, तेव्हा संडरलंडला बनणाऱ्या निस्सान कश्कायसारख्या गाड्या तुला पुढे ठेवतील. चांगलंच आहे, बघ. पण बघायची कशी ते ऐक.

घरात ज्या खुर्चीतून तू विचार न करता उठतेस, तिची बैठक जमिनीपासून किती इंच आहे ते टेपनं मोज. आमची अठरा इंच होती. तोच टेप घेऊन शोरूममध्ये जा आणि सीटचा कडेचा भाग मोज, मधला खड्डा नाही. त्या उंचीच्या आसपास जी गाडी असेल तिच्यातच बस, बाकीच्यांत बसून दमू नकोस. दाराखालची चौकट किती रुंद आणि किती उंच आहे तेही बघ, पाय त्यावरून उचलून न्यावा लागतो. सकाळी मुळीच जाऊ नकोस. दुपारी चारला, दिवसभराची कामं करून, पाय जड झाले की जा. तू गाडीत बसणार आहेस ती बहुतेक वेळा तशाच पायांनी.

व्हीलचेअर बरोबर ने. सेल्समन ‘मावेल, मावेल’ म्हणेल. म्हणू दे, आणि यजमानांकडून ती तीनदा आत-बाहेर करून घे. डिकीची कड उंच असेल तर तिसऱ्या खेपेला त्यांची कंबर सांगेल. दार पूर्ण उघडायला किती जागा लागते ते शेजारी गाडी उभी करायला लावून बघ.

करार तीन वर्षांचा आहे. आज तू चालवतेस. दोन वर्षांनी उजव्या पायानं दगा दिला तर? हातानं चालवायची यंत्रणा बसेल का, ते आत्ताच विचार. असे बरेच बदल कराराच्या सुरुवातीलाच करून घेतले तर वेगळे पैसे पडत नाहीत, नंतर तोच खटाटोप महागात जातो. हे बोलायला तुला जड जाईल, मला कल्पना आहे. यजमानांना बोलू दे. इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर घरी चार्जर बसवायला जागा आहे का ते आधी बघ. बाहेरच्या चार्जरची केबल एकदा स्वतः उचलून पाहा, ती जड असते, आणि चार्जर बऱ्याचदा फुटपाथच्या कडेवर चढवलेला असतो. तुझ्या हातांना ते झेपणार नसेल तर सरळ नाही म्हण.

एवढं करून जी गाडी उरेल ती घे. ती छोटी निघाली तर छोटी, मोठी निघाली तर मोठी. वरचे पैसे लागले आणि परवडत असतील तर भर, परवडत नसतील तर मोटॅबिलिटी फाउंडेशनकडे मदतीसाठी अर्ज करता येतो, तो कर. त्यात कमीपणा मानू नकोस.

राहिला तुझा मुलगा. इथे मात्र मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही. गाडी अपंग माणसाच्या उपयोगासाठी आहे, हा योजनेचा नियम आहे. तुझी औषधं आणायला, सामान आणायला, तुला न्यायला-आणायला त्यानं चालवली तर ती तुझ्याच उपयोगाची, तू आत बसलेली असलीस-नसलीस तरी. त्याचं नाव चालक म्हणून नोंदव. इतक्या तरुण चालकांना वेगळ्या अटी असतात, त्या आधी विचारून घे, कारण त्यावरून कुठली गाडी मिळेल तेही ठरू शकतं. पण ती गाडी युनिव्हर्सिटीच्या गावात आठवडाभर उभी आणि तू रेडिंगमध्ये खिडकीत, हे चालणार नाही. त्या बाईंनी हे पाहिलं असतं आणि मग बोलल्या असत्या, तर मी त्यांना चूक म्हटलं नसतं. असे प्रकार होतात, सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्यामुळेच तुझ्यासारखीला पार्किंगमध्ये मान खाली घालावी लागते.

हे त्याला तूच सांग, बापाला सांगू देऊ नकोस. रागावून नको. त्याला शोरूमला बरोबर ने, दुपारी चारच्या फेरीला, आणि टेप त्याच्या हातात दे. तू सीटवरून उठताना त्याला दाराशी उभा कर, मदत करू देऊ नकोस, नुसतं बघू दे. एकोणीस वर्षांचा आहे, त्याला कळेल. घरी आल्यावर त्याला विचार, आईला कुठली घ्यावी.

कुठली घेतलीस ते ऑक्टोबरमध्ये कळव. मी वाट बघेन.

तुझी,
ताई